बहात्तर पायऱ्या

माझ्या तासाला मुलांची पोटं फार दुखायची. गणिताच्या तासाला नाही, इतिहासाच्या नाही, नेमकी पीटीच्या तासाला. मी भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत पीटी शिकवायचो आणि नोकरीला लागलो त्याच वर्षी या पोटदुखीवर मी रामबाण उपाय काढला. सुट्टी हवी तर अर्ज आणायचा, अर्जावर पालकांची सही पाहिजे. सही नसेल तर मैदानाला एक फेरी जास्त. आठवडाभरात सगळ्यांची पोटं सुधारली. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं, ते मी घरी येऊन बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं. तिने विचारलं, एखाद्याचं पोट खरंच दुखत असेल तर तो काय करतो? मी म्हणालो, फेरी मारतो. ती हसली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

पुढे तिला रक्ताचा कॅन्सर झाला. ती त्यातून उठली नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्या दिवसांत लोक मला बऱ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी आणून सांगायचे. कुणाची वहिनी गव्हांकुराचा रस पिऊन उठली, कुणाच्या साहेबांना कुठल्याशा बाबांचा अंगारा लागू पडला. मला त्या माणसांचा राग यायचा, आणि बऱ्या झालेल्या वहिनीचा तर त्याहून जास्त. तेव्हा तशी गोष्ट हवी असेल त्याने माझ्या नादी लागू नये.

आम्ही गिरगावातल्या एका खोलीतून शाळेजवळ, भाईंदरच्या नवघरला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. आजूबाजूला जुनी कौलारू घरं, मध्येच चार मजली नव्या बिल्डिंगी आणि गच्चीवर गेलं की लांब मिठागरं. आमचा मजला चौथा, बिल्डिंगला लिफ्ट नाही. लिफ्ट नव्हती म्हणूनच तो मजला आम्हाला परवडला. पीटीच्या मास्तराला लिफ्ट कशाला लागते, असं मीच छाती फुगवून म्हणालो होतो. एका मजल्याला अठरा, एकूण बहात्तर पायऱ्या. आम्हाला मूल नव्हतं. त्यामुळे त्या पायऱ्या चढायला-उतरायला आम्ही दोघंच.

पायऱ्यांपेक्षा पाण्याने जीव खाल्ला. नळाला जोर नव्हता, चौथ्या मजल्यावर थेंब चढत नसे. खाली कंपाउंडमध्ये एक नळ होता, त्याला दुपारी चारच्या सुमाराला पाऊण तास पाणी यायचं. नाहीच आलं तर वरसाव्याकडून टँकर मागवायचा. सगळी बिल्डिंग हंडे, बादल्या, तेलाचे डबे घेऊन रांगेत उभी राहायची आणि भरलेलं पाणी ज्याचं त्याने वर वाहून न्यायचं. तीन वर्षं माझ्या बायकोने एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात कळशी घेऊन त्या पायऱ्या रोज दोनदा चढल्या. मी शाळेत पोरांना व्यायामाचं महत्त्व सांगत असायचो.

मग तिला दम लागायला लागला. मांडीवर निळे डाग दिसू लागले, दात घासताना हिरडीतून रक्त यायचं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, आणि त्यांनी लोहाचं लाल टॉनिक दिलं. दोन बाटल्या संपल्यावर रक्त तपासलं आणि आम्ही मुंबईच्या हॉस्पिटलात गेलो. पाच महिने आमची ये-जा चालली. केस गेले, तोंड आतून सोलून निघालं, दोनदा तर ती जातेच असं वाटलं. थंडी संपता संपता मोठे डॉक्टर म्हणाले, रक्त आत्ता स्वच्छ दिसतंय. किती दिवस, ते मला विचारू नका. घरी न्या, उकळलेलं पाणी द्या, गर्दीत नेऊ नका, पूर्ण आराम.

घरी नेलं, म्हणजे टॅक्सी खाली थांबली आणि पुढे काय ते कुणालाच कळेना. तिच्या मांडीला हात लावला की हाड लागत होतं. उभं केलं की गुडघे दुमडायचे. दुसऱ्या मजल्यावर एक गुजराती बेन राहायची. तिने आपल्या जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची खाली पाठवली. चार जणांनी खुर्चीचा एकेक पाय धरला आणि तिला उचललं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करायला लागायची, तेव्हा ती माझा शर्ट धरायची. मजल्या-मजल्यावर दारं उघडी, दारात बायका. चपला मांडीवर घेऊन, डोक्याचा रुमाल कपाळापर्यंत ओढून तिने डोळे मिटून घेतले होते.

वर आल्यावर मला म्हणाली, "अहो, परत मला असं उचलायचं नाही. खाली जाईन तर माझ्या पायांनी. आणि माझ्या अंघोळीचं पाणी मी स्वतः आणीन."

मी बरं म्हणालो. आजारी माणसाला आपण बरंच म्हणतो.

पाण्याचं तिला फार लागलं होतं. तिची अंघोळ रोज व्हायला हवी, पाणी उकळून गार केलेलं हवं, कपडे-चादरी रोज धुतल्या पाहिजेत. म्हणजे आमच्या दोन माणसांच्या घराला पाच जणांएवढं पाणी. ते पाणी मी शाळेत सकाळची पाळी मागून घेऊन आणायचो, कमी पडलं तर बेन तिची एक बादली आमच्या दारात आणून ठेवायची. रोज दुपारी खाली बादल्यांचा आवाज सुरू झाला की माझी बायको भिंतीकडे तोंड करून पडायची. ज्या घरात सगळ्यात जास्त पाणी लागतं त्या घरातली बाई झोपून आहे, याची तिला लाज वाटत होती. तिने मला तसं सांगितलंही, आणि मी तिलाच रागावलो.

आराम मात्र तिला सगळ्यांनी मनापासून दिला. कुणी भेटायला आलं की आधी तिला आडवं करायचे. ताटली उचलायला गेली की हातातून काढून घ्यायचे. बेन तर म्हणायची, भाभी, आप हिलना मत, डॉक्टरने ना बोला है. तीन आठवड्यांत तिला बाथरूमपर्यंतही माझ्या खांद्याशिवाय जाता येईना. यात सगळ्यात मोठा गुन्हेगार मी. खोटं पोट दुखणाऱ्या पोरांना पळवणारा माणूस घरी बायकोला उशीवरून मान उचलू देत नव्हता.

पहिल्या तपासणीला तिला परत त्याच खुर्चीतून उतरवावं लागलं. टॅक्सीत बसल्यावर तिने माझा हात आपल्या हातावरून बाजूला केला.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये आम्ही नंबराची वाट बघत होतो. समोरून एक तरुण मुलगी आली, पांढरा कोट, केसांची घट्ट वेणी. तिथे ऑपरेशन झालेल्या बायकांकडून हातांचे व्यायाम करून घ्यायची ती. चाकाच्या खुर्चीतल्या माझ्या बायकोकडे बघून ती थांबली. पायांना हात लावून बघितलं आणि मला विचारलं, "ताईंना चालता येत नाही, का तुम्ही चालू देत नाही?"

मी पूर्ण आरामाचं सांगितलं. ती म्हणाली की रक्ताच्या पेशंटला व्यायाम द्यावा असं तिच्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नाही, आणि मोठे डॉक्टर कदाचित नकोच म्हणतील. पण झोपून राहिलं तर निरोगी माणसाचेही पाय जातात, हे तिला दिसत होतं. तिने केसपेपरच्या कोऱ्या कागदावर लिहून दिलं. आधी पलंगावर बसून टाचा उचलणं, मग खुर्चीतून उठणं-बसणं, मग दाराची चौकट धरून उभं राहणं, मग पॅसेज, मग एक पायरी. आणि खाली रेघ ओढून तीन प्रश्न. ताप? कुठे रक्त किंवा नवा डाग? रोजच्यापेक्षा जास्त थकवा? हे तिन्ही रोज आधी विचारायचे, ताप थर्मामीटर लावून बघायचा. एकाचं जरी उत्तर हो आलं तरी त्या दिवशी सुट्टी. हा वरचा भाग विसरलात तरी चालेल, खालचा विसरू नका, असं ती दोनदा म्हणाली.

मी मोठ्या डॉक्टरांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, तिच्याकडे बघितलं, परत कागद बघितला. झेपेल तेवढं करू द्या, म्हणाले. त्यांच्या आवाजावरून मला कळलं की व्यायाम केला काय नि नाही केला काय, त्यांच्या हिशेबी सारखंच होतं. तिलाही कळलं असणार.

घरी येऊन मी तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला लावला, कॅलेंडरच्या शेजारी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आल्यावर शिट्टी गळ्यात तशीच ठेवून तिच्या पलंगासमोर उभा राहिलो. मी हजेरी घेतली. "नंबर एक."

"हजर, सर," ती म्हणाली.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, तिने मला पहिल्यांदाच सर म्हटलं. त्या दिवशी टाचा चार वेळा उचलून तिला धाप लागली. मी पाचव्यांदा शिट्टी वाजवली तेव्हा म्हणाली, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही. पण तिने पाचव्यांदा टाचा उचलल्या.

पहिले तीन आठवडे मी कागदावरचे तिन्ही प्रश्न अगदी तसेच विचारत होतो. थर्मामीटर लावत होतो. पारा कधी चढला नाही, नवा डाग दिसला नाही. रोज तेच नाही, नाही, नाही. मग हळूहळू आमच्या खेळाने ते प्रश्न खाऊन टाकले. मी नुसतं नंबर एक म्हणायचो, ती हजर सर म्हणायची, आणि हजर म्हणजे तिन्हींचं उत्तर नाही, असं आम्ही न ठरवता ठरून गेलं. थर्मामीटर खोक्यात गेला. आम्हाला त्या खेळात मजा येत होती, हेही खरंच. पाच महिन्यांनी घरात कुणीतरी हसत होतं. तो खेळ मोडून तापाची चौकशी करायला माझी जीभ रेटेना.

मार्चात ती पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. मग मी तिला जिन्यावर नेलं. एक पायरी उतरायची, एक चढायची. आठवड्याने तीन. मग वळणापर्यंत नऊ. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. पायरी चढून झाली की ती आकडा म्हणायची. कधी कधी मधल्या पायरीवर तिचे पाय लटलटायचे आणि मला वाटायचं हे आपण काय मांडलंय, कशासाठी. रक्त बिघडलं तर हे पाय काय कामाचे? एकदा मी ते तोंडावाटे बोलून गेलो. ती म्हणाली, पाय कामाचे नसू देत, माझे तर असू देत.

बेनने दुसऱ्या मजल्याच्या जिन्याजवळ एक स्टूल आणून ठेवलं, भाभीला मध्येच बसता यावं म्हणून. माझ्या बायकोने त्या स्टुलाला कधी हात लावला नाही. त्यावर बसले की मग मी खुर्चीतलीच, म्हणायची. मीही तिला चढवायचो. पीटीच्या तासाला बसायचं नसतं, असं सांगायचो.

समुद्राकाठच्या पालीहून एक कोळीण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा मासे घेऊन यायची, टोपली डोक्यावर घेऊन चारही मजले चढायची. तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी असलेली माझी बायको तिला दिसली. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "बाय, तू पायावर हाय. मना वाटला, तू आता न्हाय उटाची." माझी बायको किती तरी वेळ हसत होती. म्हणाली, माझ्या तोंडावर खरं बोललेलं हे पहिलं माणूस. त्या दिवशी आम्ही गरजेपेक्षा जास्त बोंबील घेतले आणि ती वाटीभर जेवली.

एप्रिलअखेरच्या तपासणीला ती सगळ्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरली. परत आल्यावर चढलीसुद्धा. त्याला पाऊण तास लागला, वर येऊन ती दोन तास मेल्यासारखी पडून होती, पण चढली. खुर्ची बेनच्या टेबलाशी तशीच राहिली. हॉस्पिटलात वेणीवाल्या मुलीने तिला पॅसेजमधून चालवून बघितलं आणि त्या मुलीच्याच डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या डॉक्टरांनी तिचं चालणं बघितलं नाही, त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, पेशी थोड्या खाली आल्यात, तीन आठवड्यांनी परत बघू. मी तिला सांगितलं, सगळं ठीक आहे.

मे महिन्यात तिने किटली काढली. दुधाची जुनी ॲल्युमिनियमची किटली, दोन लिटरची. पहिल्या दिवशी ती अर्धीच भरली. मग पाऊण, मग पूर्ण. मी दोन बादल्या घेऊन पुढे आणि ती किटली घेऊन मागे. रांगेतल्या बायका तिला पुढे जायला सांगायच्या, ती जायची नाही. नंबर आला की भरून घ्यायची. त्या दोन लिटरने आमचं काय भागणार होतं? पण अंघोळीला बसताना ती आधी किटलीतलं पाणी अंगावर घ्यायची, आणि मग माझ्या बादलीतलं. असे अकरा दिवस तिने पाणी आणलं.

बाराव्या दिवसाचं मी अनेकदा आठवून बघितलंय, त्यामुळे त्यातलं खरं किती आणि मागाहून घातलेलं किती, हे आता मलाही सांगता यायचं नाही. दोन दिवस पाणी आलेलं नव्हतं. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, मी घरीच. बरोबर चारला खालून कुणीतरी ओरडलं, पाणी आलं, आणि सगळ्या बिल्डिंगची दारं धाडधाड उघडली. मी दोन्ही बादल्या उचलल्या आणि म्हणालो, नंबर एक.

ती पलंगावर बसली होती. म्हणाली, "सर, आज सुट्टी मिळेल का?"

तिने हसत विचारलं. किंवा मला ते हसणं वाटलं. मी चपला शोधत होतो. "अर्ज आणा," मी म्हणालो. "पालकांच्या सहीचा." आणि खाली धावलो, रांगेत बादल्या लावायला.

बादल्या लावून पाच-दहा मिनिटांनी मी राहिलेले डबे घ्यायला वर आलो. ती कॅलेंडरपाशी उभी होती, पाठमोरी, हातात माझं शाळेतलं लाल पेन. मला वाटलं, दुधाचा खाडा मांडतेय. मी दारातूनच ओरडलो की आता पाणी जाईल, मग बसा कॅलेंडर वाचत. तिने खिळ्यावर काहीतरी सारखं केलं, पेन ठेवलं, किटली घेतली आणि आली.

हजर, सर, असं त्या दिवशी तिने म्हटलं नाही. हे माझ्या पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं.

वर येताना मी पुढे निघून गेलो. बादल्या ओतून दुसऱ्या खेपेला उतरलो तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती. मला बघून चालायला लागली. पुढे बेनने मला सांगितलं की मी यायच्या आधी ती त्या स्टुलावर बसलेली होती. पहिल्यांदाच. आणि बेनला म्हणाली होती, "सर को मत बताना." बेनला वाटलं, नवरा-बायकोची थट्टामस्करी चाललीय, म्हणून ती आत निघून गेली.

सहा वाजता ती थरथरायला लागली. मी अंगाला हात लावला आणि मला चटका बसला. खोक्यातून थर्मामीटर काढला. तो किती दाखवत होता ते आता लिहीत नाही. पोटरीवर, साडीखाली दिसत नाहीत अशा जागी, चार नवे डाग होते. ते एका दिवसाचे नव्हते. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, परवापासून, पण तुम्ही पाण्याच्या काळजीत होता.

ती खुर्ची परत वर आली. तेच चौघे. उतरताना तिने डोळे मिटले नव्हते, खुर्चीचा पाय धरलेल्या एकेकाकडे बघून ती म्हणत होती, परत त्रास दिला तुम्हाला. किटली स्वयंपाकघरात भरलेली तशीच होती.

हॉस्पिटलात ती नऊ दिवस होती. रक्तात रोग परत आला होता, आणि तो त्या दुपारी आला नव्हता, आधीच आला होता, असं मोठे डॉक्टर म्हणाले. त्यात जंतू छातीत उतरले. व्यायामाने काही झालं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, व्यायामाने काही व्हायचं नव्हतं, बरंही नाही आणि वाईटही नाही. दोन दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, दोन दिवस जास्त मिळाले असते कदाचित. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पुढच्या खाटेकडे गेले. दोन दिवस ही थोडकी गोष्ट आहे, असं त्यांना वाटत असावं.

वेणीवाली मुलगी चौथ्या दिवशी आली. तिने पायांना हात लावला, कसे भरले होते बघा, म्हणाली. मग मला बाहेर नेऊन हळूच विचारलं, "रोज तिन्ही प्रश्न विचारत होता ना?"

"हो," मी म्हणालो. "रोज."

तिला बरं वाटलं. आपल्या कागदामुळे काही झालं नाही ना, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती, ती गेली. मी खोटं बोललो ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी बोललो. पण ते तिच्या उपयोगी पडलं.

बायकोला घरी आणलं ते दुपारी. वर नेली नाही. चार मजले चढवायचं आणि परत उतरवायचं, त्यापेक्षा खालीच ठेवू, असं सगळे म्हणाले आणि मी बरं म्हणालो. कंपाउंडमध्ये, नळापासून हाताच्या अंतरावर. चार वाजले आणि नळाला पाणी आलं. एकही माणूस बादली घेऊन उतरला नाही. उन्हाळ्याचे दिवस, घराघरात कोरडी पिंपं, आणि पाणी नुसतं वाहत होतं. मला वाटत होतं की भरा, तिला आवडेल. शेवटी बेनने जाऊन नळ बंद केला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभा राहिलो. मुलांची पोटं दुखत होती आणि मी अर्ज मागत होतो. एखाद्या माणसावर असं काही कोसळलं म्हणजे तो मऊ होतो, असं म्हणतात. मी झालो नाही. उलट पोरांना दोन फेऱ्या द्यायला लागलो.

डिसेंबर संपला आणि वाण्याने नवं कॅलेंडर दिलं. जुनं काढायचं माझ्या जिवावर आलं होतं, कारण त्यावर मेपर्यंत तिच्या हातचे दुधाचे खाडे होते. तरी एका रविवारी काढलं. शेजारचा कागदही खिळ्यातून निघाला आणि खाली पडला, उलटा. सात महिने मी त्या कागदाची पुढची बाजू रोज बघत होतो. टाचा, खुर्ची, चौकट, पॅसेज, पायरी. मागच्या बाजूला लाल शाईत तिचं अक्षर होतं.

मा. सर यांस,

विषय: एक दिवसाची सुट्टी मिळण्याबाबत.

आज माझ्या अंगात कसकस आहे व पाय ओढत आहेत. तरी आजचा दिवस पाणी माफ करावे, ही विनंती. उद्या दोन किटल्या आणीन.

आपली आज्ञाधारक, नंबर एक.

आणि त्याखाली, मुलांच्या अर्जावर असते तशी, पालकांच्या सहीसाठी ओढलेली रेघ. रेघ कोरी होती. सही करणारं माणूस बादल्या लावायला खाली गेलेलं होतं, आणि वर आलं ते ओरडतच.

लाल पेन टेबलावरच होतं. मी खाली बसलो आणि त्या रेघेवर सही केली. सहीखाली तारीख घालायची मला सवय आहे. कुठली तारीख घालायची ते कळेना, म्हणून ती जागा तशीच सोडली.